न सुटणारा जोड

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली. आधी बाहेरच्या बाजूला पोपडे सुटले, मग आतल्या फरशांच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागले. एक तरुण प्लंबर येऊन पाहून गेला. ‘काका, चार बाय चार फूट भिंत फोडायला लागेल. सगळी लाईन नवीनच टाकू,’ असे म्हणून त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून घरात दोन दिवस शांतता होती.

तिसऱ्या दिवशी पेठेतले जुने मिस्त्री आले. वय सत्तरीच्या पुढे. सगळी पेठ त्यांना मामा म्हणते. त्यांनी ओलीवर हात फिरवला, एकच फरशी अलगद उचकटली, मागचा गिलावा काढला आणि बॅटरी मारून बराच वेळ आत पाहत बसले. मग म्हणाले, ‘मास्तर, टी चांगली हाय. तिचं एकच तोंड गेलंय. तेवढं मोकळं करू. भिंत फोडायची काय गरज न्हाई.’

ते तोंड त्यांनी कसे मोकळे केले, हे पुढे सांगणारच आहे. पण तो दीड तास बॅटरी धरून शेजारी उभे असताना माझ्या मनात एक प्रश्न आला. आपण पाण्याचा इतिहास सांगतो तेव्हा तलावांचा, धरणांचा, ते बांधणाऱ्या राजांचा सांगतो. पण पाणी घरात येते ते जोडांमधून. नळ कितीही लांब असो, तो तुकड्यातुकड्यांचाच असतो आणि गळतो तो बहुधा जोडातच. मग या जोडाचा इतिहास काय?

आपल्या मुलखात जुने नळ मातीचे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर बांधली, तिच्यातही भाजलेल्या मातीचे नळ आहेत. एका नळाचे तोंड दुसऱ्यात बसवायचे आणि सांधा चुन्याने भरायचा. असा जोड एकदा धरला की सुटत नसे. नळ फुटला तर तेवढा तुकडा फोडून काढायचा आणि कुंभाराकडून दुसरा आणायचा. जोड न सुटणारा होता, पण माल स्वस्त होता आणि बनवणारा गावातच होता.

कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंबा तलावाचे पाणी शहराला मिळू लागले. आमच्या मंगळवार पेठेत ‘पाण्याचा खजिना’ हे नाव आजही लोक पत्त्यात लिहितात. खजिना म्हणजे पाणी साठवून पुढे वाटून देण्याची टाकी. नव्या पिढीला वाटते, तिथे कुणाचे धन पुरलेले असावे. एका अर्थी ते खरेही आहे.

त्या काळात शहरोशहरी आले ते बिडाचे नळ. त्यांचा जोड पाहण्यासारखा असे. एका नळाचे टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात घालायचे, फटीत तागाचा पीळ ठासायचा आणि वरून वितळलेले शिसे ओतायचे. शिसे थंड झाले की छिन्नीहातोडीने ते ठोकून घट्ट बसवायचे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साध्या शेगडीवर, लोखंडी पळीत. त्यामुळे जोड काढायचा झाला तरी शिसे उकरून, वितळवून पुन्हा वापरता येई. लॅटिन भाषेत शिशाला ‘प्लंबम’ म्हणतात. ‘प्लंबर’ हा शब्द त्यावरूनच आला. प्लंबर म्हणजे शिशाचे काम करणारा कारागीर.

घराच्या आत मात्र जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप आले. आपण त्यांना जीआय पाईप म्हणतो. त्यांचा जोड आट्यांचा. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांचे एकसारखे माप सुचवले. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. आपल्या नळाच्या आट्यांचा कोन आजही तोच आहे. म्हणून लक्ष्मीपुरीत घेतलेला कॉक मुंबईच्या पाईपला बसतो.

माझ्या लहानपणी मिस्त्री येई तो खांद्यावर दोन पाईप पाने, आटे पाडायची डाय, सुतळी आणि सफेद्याचा डबा घेऊन. आट्यांवर सुतळीचे तंतू गुंडाळायचे, वर सफेदा चोपडायचा आणि पान्याने आवळायचे. आमच्या अंगणात हे काम चालले की आम्ही पोरे भोवती कोंडाळे करून बसायचो. गळायला लागले की मिस्त्री उलटा पाना लावून जोड सोडवी, सुतळी बदली आणि पुन्हा आवळी. जुना एल्बो, जुना निपल, जुनी युनियन फेकून देण्याची पद्धतच नव्हती. प्रत्येक घरात जिन्याखाली अशा सुट्या भागांचा एक डबा असे. वडील गेल्यावर आमचा डबा मी उघडला, तेव्हा त्यात तीस-चाळीस तुकडे निघाले. प्रत्येकाला तेल लावून ठेवलेले होते.

पण लोखंड गंजते. वीस-पंचवीस वर्षांत आतून गंज धरून अर्ध्या इंचाच्या पाईपचे भोक बोरूएवढे उरते. सकाळी नळातून लाल पाणी येई आणि आई ते फडक्यातून गाळून घेई. जुन्या जोडांविषयी हळहळणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

मग प्लास्टिक आले. पीव्हीसी हा पदार्थ जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान याने १८७२ मध्ये टिपला होता, पण तो ठिसूळ पदार्थ कशाला वापरावा हे कुणाला कळेना. अमेरिकेत वाल्डो सेमन याने १९२६ मध्ये त्याला मऊ करण्याची रीत काढली आणि १९३०च्या दशकात जर्मनीत पीव्हीसीचे कडक पाईप बनू लागले. भारतात पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाईपसाठी ‘आयएस ४९८५’ हे मानक १९६८ मध्ये निघाले. १९८०च्या सुमारास जळगाव आणि पुणे येथे पाईपचे मोठे कारखाने सुरू झाले. आमच्या जिल्ह्यात हे पाईप आधी उसाच्या फडात गेले, मग घरात शिरले. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी आला. त्यात क्लोरीनचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे तो ९० अंशांपर्यंतचे पाणी सोसतो. साधा पीव्हीसी ६० अंशांच्या पुढे ढिला पडू लागतो.

हलका, स्वस्त, न गंजणारा आणि एका माणसाने उचलण्याजोगा. गरिबाच्या घरात नळ पोहोचला तो बऱ्याच अंशी या पाईपमुळे. पण त्याचा जोड मुळातच निराळा आहे. आपण ज्याला सोल्युशन म्हणतो, तो डिंक नव्हे. ते द्रावण पाईपचा पृष्ठभाग आणि फिटिंगचा पृष्ठभाग दोन्ही विरघळवते. दोन्ही एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि उरतो तो एकसंध तुकडा. तिथे आटे नाहीत, शिसे नाही, सुतळी नाही. पान्याचे कामच नाही. मातीच्या नळानंतर पुन्हा एकदा न सुटणारा जोड आपल्या घरात आला, आणि या वेळी तो फरशीच्या मागे, भिंतीत गाडून.

इथे मामांसारख्या माणसांचे काम सुरू होते.

आमच्या भिंतीतल्या टीला तीन तोंडे. गळत होते एकच, कारण बसवताना त्या पाईपला सोल्युशन पुरते लागलेले नव्हते. टी बदलायची म्हणजे तिन्ही पाईप कापायचे, तिन्हीकडे नवे जोड करायचे आणि त्यासाठी भिंत फोडायची. मामांनी वरच्या टाकीचा कॉक बंद केला, लाईन रिकामी केली आणि गळका पाईप टीच्या तोंडाशी अगदी सपाट कापला. आता टीच्या तोंडात पाईपचे फक्त एक कडे अडकून राहिले. हॅक्सॉच्या पात्याच्या तुकड्याला एका टोकाला चिंधी गुंडाळून त्यांनी ते आत घातले आणि कड्याला आतून लांबीत चार चिरा दिल्या. सगळे कसब इथे आहे. चीर पाईपच्या जाडीपुरतीच जायला हवी. टीच्या अंगाला पाते लागले तर तिथून पाणी वाट काढते. शेवटचे चार-सहा हात ते पाते दाबत नव्हते, नुसते ओढत होते आणि कान देऊन ऐकत होते. मग बारीक स्क्रू ड्रायव्हर चिरेत घालून हलकी टिचकी मारली. एक फाक सुटली. पहिली सुटली की बाकीच्या पकडीने निघतात.

‘आटं असतं तर पान्यानं सोडवलं असतं. हितं कोरून सोडवायचं,’ ते म्हणाले.

मी विचारले, ‘मामा, काही लोक ज्योत लावून पाईप मऊ करतात आणि ओढून काढतात ना?’

त्यांनी मान हलवली. सांडपाण्याच्या पाईपला कुणी करत असेल, पण दाबाच्या लाईनीत नाही. उष्णतेने टीचे तोंडच वाकडे होते, मग नवा पाईप गोल बसत नाही. शिवाय पीव्हीसी करपला की त्यातून क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो. बंद न्हाणीघरात तो छातीत भरतो. माझ्याकडून यात एका गोष्टीची भर घालतो. पीव्हीसी तयार होताना उष्णतेने बिघडू नये म्हणून त्यात स्थिरकारक घालतात आणि आपल्याकडे अनेक वर्षे त्यात शिसे असे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्याविरुद्ध नियम काढले. म्हणजे ज्या शिशावरून प्लंबरला नाव मिळाले, ते प्लास्टिकच्या युगातही त्याची पाठ सोडत नव्हते. जुन्या पाईपचा भुसा झाडून घ्यावा, हात धुवावेत आणि तुकडे चुलीत तर कधीच घालू नयेत.

कोरलेले तोंड मामांनी पॉलिश पेपरने घासले, कोरडे पुसले, नवा पाईप आधी नुसताच घालून पाहिला. तो आत शिरत शिरत मध्येच अडला. ‘अडला पायजे. सैल गेला तर जोड धरत न्हाई,’ ते म्हणाले. मग दोन्हीकडे सोल्युशन लावून, पाव फेरा फिरवत पाईप आत दाबला आणि अर्धा मिनिट धरून ठेवला. लाईन दुसऱ्या दिवशीपर्यंत सुरू करायची नाही, असे बजावून ते गेले. पाणी सोडले तेव्हा भिंत कोरडी राहिली. ती आजही कोरडी आहे.

यात कौतुक पैसे वाचल्याचे नाही. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. चावीवाला चावी फिरवतो तेव्हा नळ भरतो आणि पाणी गेले की नळातला दाब जातो. अशा वेळी गळका जोड बाहेरचे पाणी आत ओढतो. रस्त्यातल्या नळाशेजारी गटार असेल तर गटाराचेही. २०१२ मध्ये शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली आणि त्यात माणसे दगावली. तेव्हापासून रस्त्यातला ओला डाग मी नुसता ओला डाग म्हणून पाहू शकत नाही.

काळम्मावाडीच्या धरणातून कोल्हापूरला पाणी आणणारी थेट पाईपलाईन व्हावी म्हणून या शहराने किती वर्षे आंदोलने केली, हे आपण जाणतोच. सुमारे ५३ किलोमीटरची ती वाहिनी होऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत पाणी शहरात पोहोचले. आनंदच झाला. पण पाणी ५३ किलोमीटर आले तरी शेवटचे दोन फूट मामांच्या हाताखालूनच जायचे असते.

प्रत्येक वेळी तोंड कोरण्याचा हट्टही नको. फिटिंगलाच तडा असेल, उन्हाने ते ठिसूळ झाले असेल, पाते खोल गेले असेल, तर ते काढलेच पाहिजे. भिंतीबाहेर दोन बोटे पाईप शिल्लक असेल, तर कपलर लावून काम होते, कोरण्याची गरज नाही. वाचवायचे काय आणि टाकायचे काय, हे ओळखणे म्हणजेच कारागिरी.

कोल्हापूरला ही कारागिरी नवी नाही. बाबूराव पेंटर यांनी याच शहरात स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२०चा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांनी यंत्रे खोलून, समजून घेऊन नवी इंजिने उभी केली. आधी उकलून पाहायचे आणि मग जोडायचे, ही या गावाची रीत. पण कॅमेरा घडवणाऱ्याचे नाव राहते. भिंतीतली टी वाचवणाऱ्याचे काम फरशीमागे झाकले जाते. चांगले झाले तर ते कुणाला दिसतच नाही.

जाताना मामांना मी विचारले, ‘हे कुणाला शिकवलंत का?’ ते हसले. ‘पोरं म्हणत्यात, नवीन टाकलं की बिल मोठं होतं. कोरत कोण बसणार?’

मी त्या तरुण प्लंबरला निरोप धाडला आहे. पुढच्या वेळी ओल आली तर दोघांनी मिळून यावे, मजुरी दोघांची देईन. तो येईल की नाही, ठाऊक नाही. वडिलांचा तो डबा मात्र जिन्याखाली पुन्हा ठेवला आहे, आणि आता त्यात प्लास्टिकच्या चार फिटिंगही आहेत.