माशाच्या पोटातला विद्यार्थी

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांकडून पंधरा मिनिटं योगासनं करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. कॉर्कचा नोव्हेंबर, बाहेर पाऊस, हॉलची फरशी गारठलेली. जागाही बेताची. म्हणून घरून सतरंज्या आणल्या आणि सगळी आसनं बसूनच करायची ठरवली. मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून प्रत्येक आसनाला एक गोष्ट जोडली: कूर्मासनाला समुद्रमंथन, सिंहासनाला नरसिंह आणि अर्धमत्स्येंद्रासनाला मत्स्यावतार. एका बैठकीत तीन अवतार! मी माझ्यावरच खूश होते.

कार्यक्रमानंतर, मुलाकडे राहायला आलेले एक आजोबा चहाचा कप घेऊन जवळ आले. "छान झालं हो, पण मत्स्येंद्र म्हणजे मत्स्यावतार नव्हे. ते आपले मच्छिंद्रनाथ."

मी ओशाळले. घरी नवनाथांची पोथी पाहत वाढलेली मी, आणि इथे चाळीस मुलांना चुकीची गोष्ट सांगून बसले! त्या हिवाळ्यात मग पुस्तकं काढली. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

मच्छिंद्रनाथांची गोष्ट मराठीत फार जुनी आहे. १२९० साली नेवाशात पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउली आपली गुरुपरंपरा सांगतात. क्षीरसागराच्या काठी शंकरांनी पार्वतीच्या कानात जे ज्ञान सांगितलं, ते पाण्यात जलचराच्या पोटी गुप्त असलेल्या मत्स्येंद्रनाथांना मिळालं. पुढे ते गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ असं करत ज्ञानेश्वरांपर्यंत आलं. पाचशेहून अधिक वर्षांनी, १८१९ मध्ये, धुंडिसुत मालू यांनी 'नवनाथ भक्तिसार' रचला. त्यात हाच प्रसंग यमुनेच्या काठी घडतो. पाणी बदललं, पण चोरून नव्हे तर नकळत कानावर पडलेलं ज्ञान आणि मन लावून ऐकणारा तो विद्यार्थी मात्र तोच राहिला.

आता आसनांकडे वळू. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामांच्या 'हठप्रदीपिके'त पंधरा आसनं आहेत आणि त्यांतली बरीचशी बैठी आहेत. गोमुखासन, कूर्मासन, मत्स्येंद्रासन, पद्मासन, सिंहासन ही सगळी त्यात सापडतात. पण तिथे आसनाची कृती आणि क्वचित त्याचे लाभ सांगितलेत. समुद्रमंथन किंवा नरसिंहाची कथा नाही. शिवाय नाव तेच राहून बैठक बदललेलीही दिसते. तिथलं कूर्मासन म्हणजे घोटे उलटसुलट ठेवून त्यांवर बसणं. पाय फाकवून पुढे वाकायचं आजचं कूर्मासन वेगळं. वज्रासनाचंही तसंच. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हे नाव टाचेने शिवणीचा भाग दाबून बसायच्या आसनाला आहे. आपण जेवणानंतर गुडघे मोडून बसतो, त्याला नव्हे.

मग आसनागणिक गोष्ट सांगायची पद्धत सर्वदूर कशी पोचली? त्याचा एक मोठा धागा पुण्यात सापडतो. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले. त्यांचं 'लाइट ऑन योगा' १९६६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात आसनांच्या कृतीबरोबर मत्स्येंद्र, कूर्म, वीरभद्र, हनुमान यांच्या कथा थोडक्यात दिल्या आहेत. हे पुस्तक जगभर गेलं. त्याआधी १९२४ मध्ये लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, कैवल्यधाम सुरू केलं होतं. तिथे आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे उपकरणं लावून तपासलं जात होतं. एकीकडे कथा, दुसरीकडे मोजमाप. दोन्हींचा पत्ता महाराष्ट्रातला.

हे सगळं वाचल्यावर वाटलं, आपण मुलांना "हे सगळं पाच हजार वर्षांपूर्वीचं" असं सरसकट सांगतो, ते थांबवायला हवं. आपली मुलं इथल्या शाळेत "हे तुला कसं कळलं?" असं विचारायला शिकतात. उद्या त्यांनी शोध घेतला आणि आपलं एक विधान खोटं निघालं, तर खऱ्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास उडेल. गोष्ट जरूर सांगावी. ती कुठल्या पोथीतली, तेही सांगावं. आणि आसनाला नंतर जोडलेली असेल तर तसं म्हणावं. त्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही.

यंदा गुढीपाडव्याला पुन्हा मुलांना घेऊन बसले. आधी साधी मांडी आणि पाच संथ श्वास. मग पाय पसरून उजवा पाय डाव्या गुडघ्यापलीकडे ठेवायचा, डाव्या हाताने उजवा गुडघा कवटाळायचा, पाठ ताठ ठेवायची आणि सावकाश उजवीकडे वळून मागे पाहायचं. मग दुसरी बाजू. आजी-आजोबांनी खुर्चीत बसून जमेल तेवढंच वळायचं. वळल्यावर कुणी बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, कारण आपण सगळे माशाच्या पोटात आहोत!

बाजू बदलताना एक आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "हे सॅमन ऑफ नॉलेजसारखं आहे!" आयरिश शाळेत ती गोष्ट सगळ्या मुलांना माहीत असते. बॉइन नदीतला ज्ञानी मासा पकडायला कवी फिनेगस सात वर्षं बसला. मासा भाजताना छोट्या फिनचा अंगठा पोळला, त्याने तो तोंडात घातला आणि सगळं ज्ञान त्यालाच मिळालं. मी तिला म्हटलं, "गोष्टी दोन आहेत, एक नाही. पण तू दोन्ही सांग."

तिने सांगितल्या. एक इंग्रजीत, एक मराठीत. मराठीतली सांगताना ती दोनदा अडखळली, पण मच्छिंद्रनाथांचं नाव तिने बरोबर घेतलं. मागच्या रांगेत खुर्चीवर वळून बसलेल्या एका आजींनी मान डोलावली, आणि गेल्या दिवाळीपासून मनात असलेली माझी टोचणी कुठे कमी झाली.