सोललेला खेकडा

ओसाकाच्या दोतोनबोरी भागात गेलात तर कालव्याजवळच्या एका इमारतीवर प्रचंड लाल खेकडा दिसतो. यंत्रावर त्याचे पाय सावकाश हलत असतात आणि खाली पर्यटक फोन वर धरून उभे असतात. मीही उभा होतो. कामासाठी ओसाकात येऊन तीन आठवडे झाले होते, नोव्हेंबर संपत आला होता आणि खेकड्यांचा हंगाम नुकताच सुरू झाला होता.

जपान समुद्राच्या किनाऱ्यावर दरवर्षी ६ नोव्हेंबरला ‘झुवाईगानी’ या लांब, बारीक पायांच्या खेकड्याची मासेमारी खुली होते. पहिल्या लिलावांच्या बातम्या होतात. २०१९ साली तोत्तोरीत एकच खेकडा ५० लाख येनला गेला होता. आमच्या ऑफिसातला जपानी सहकारी म्हणाला, ‘‘हंगामात आला आहेस आणि खेकडा न खाता परत जाणार?’’ असं म्हटल्यावर कोकणातला माणूस काय करणार?

मी रत्नागिरीचा. आमच्या घरी मासेमारीची बोट आहे. खेकडा म्हणजे आमच्याकडे कुर्ली, आणि कुर्ली म्हणजे पाहुण्यांसमोर मिरवायची गोष्ट नव्हे. अमावास्येच्या आसपास भरलेल्या कुर्ल्या यायच्या, आजी त्यांच्या बारीक पायांचं कूट करून रस गाळायची आणि तो वाटपात घालायची. जेवताना नांगी दाताखाली फोडायची, नाही फुटली तर वरवंटा. जेवण संपेपर्यंत ओठ चुरचुरत असायचे, बोटं कापलेली असायची, आणि शर्टावर डाग पडलेला नसेल तर तुम्ही कुर्ली खाल्लीच नाही असं आजी म्हणायची.

तिथे मात्र वेगळंच होतं. तातामीची खोली, किमोनोतल्या बाई, एकामागून एक येणारी ताटं. कच्चा खेकडा, बर्फाच्या पाण्यात बुडवून फुलासारखा उमललेला. अंड्याच्या वाफवलेल्या कस्टर्डमध्ये खेकडा. कवचातच गरम केलेला त्याचा पिवळसर-करडा गर. मग भाज्यांबरोबर टेबलावरच उकळणारा रस्सा, आणि शेवटी त्याच रश्श्यात शिजवलेला भात. चव अप्रतिम होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खटकलं ते हे, की मला काहीच करावं लागत नव्हतं. प्रत्येक पायाचं कवच एका बाजूने लांब चिरून ठेवलेलं. बारीक चिमट्यासारखा काटा आत सरकवला की अख्खा मांसाचा तुकडा सुळकन बाहेर. बोटाला ओरखडा नाही, शर्टावर डाग नाही. खेकड्यातले सगळे कष्ट कुणीतरी आधीच काढून टाकले होते, आणि आम्ही त्याचेच पैसे देत होतो.

शेवटाकडे निखाऱ्यावर भाजलेले जाड, काटेरी पाय आले. ‘‘हा ताराबा,’’ सहकारी म्हणाला. ताराबागानी, म्हणजे किंग क्रॅब. खरं तर हा शास्त्रीयदृष्ट्या खेकडाच नाही, शंखात राहणाऱ्या खेकड्यांचा नातलग. नांग्या धरून मोजले तर खऱ्या खेकड्याचे दहा पाय दिसतात, याचे आठच. उरलेले दोन कवचाखाली लपलेले असतात. मी पाय मोजत असताना सहकारी सहज म्हणाला, ‘‘कानिकोसेनमधला खेकडा हाच.’’ मग शाळेत त्या पुस्तकाचं नाव पाठ केल्याचं सांगून तो भाताकडे वळला.

त्या रात्री हॉटेलवर मी त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद फोनवर उतरवून घेतला आणि पहाटेपर्यंत वाचला.

‘कानिकोसेन’ म्हणजे खेकड्यांची कारखाना-बोट. १९२०च्या दशकात अशी जहाजं उत्तरेतल्या हाकोदाते बंदरातून निघून कामचात्काच्या समुद्रात महिनोन्‌महिने असत. लहान होड्या जाळी टाकून ताराबा आणत, आणि मोठ्या जहाजावर तो उकडून, सोलून, धुऊन डब्यात भरला जाई. मांस काळं पडू नये म्हणून डब्याच्या आतून कागद लावलेला असे. डबे बंद होऊन अमेरिकेला, इंग्लंडला जात. जपानला परकीय चलन मिळे आणि तिकडच्या श्रीमंत टेबलांवर सोललेला खेकडा.

ही कादंबरी लिहिणारा कोबायाशी ताकिजी ओतारू शहरात बँकेत नोकरी करत होता. जन्म १९०३ चा. १९२६ साली चिचिबू-मारू नावाची अशीच एक बोट वादळात बुडाली होती, आणि दुसऱ्या एका बोटीवर मजुरांना झालेल्या मारहाणीच्या बातम्या आल्या होत्या. त्याने कात्रणं जमवली, बंदरात जाऊन त्या बोटींवर राबलेल्या माणसांशी बोलला, आणि १९२९ मध्ये ‘सेन्की’ नावाच्या मासिकात कादंबरी छापून आली.

तिच्यात नायक नाही. शेतकरी, खाणकामगार, पोटासाठी आलेली पोरं, एखादा विद्यार्थी, अशी सगळी मिळून गर्दी. ठळक नाव आहे ते कंपनीच्या देखरेख्याचं, आसाकावाचं. मजूर दलालांमार्फत आलेले. प्रवास, खाणं, मुक्काम असं सगळं त्यांच्या नावावर चढत जातं, त्यामुळे बोटीवर पाय ठेवतानाच ते देणेकरी असतात. एकजण बेरीबेरीने मरतो. जवळच दुसरी बोट बुडते आहे असा संदेश येतो, तेव्हा कप्तान मदतीला निघतो आणि आसाकावा त्याला अडवतो. त्या बोटीचा विमा आहे, थांबलो तर आपलं काम बुडेल. कायद्याची पळवाटही कोबायाशी नेमकी दाखवतो: ही बोट कारखाना आहे म्हणून तिला जहाजांचे नियम नाहीत, आणि जहाज आहे म्हणून कारखाना कायदा नाही. शेवटी मजूर संप करतात. आरमाराची विनाशिका येते तेव्हा त्यांना वाटतं, आपलं सरकार आपल्या मदतीला आलं. सैनिक पुढाऱ्यांनाच धरून नेतात.

सम्राटाला भेट पाठवायचे डबे भरताना एक मजूर त्यात खडे टाका म्हणतो, असा एक प्रसंग आहे. त्यावरून कोबायाशीवर सम्राटाच्या अवमानाचा खटला झाला. बँकेची नोकरी त्याआधीच गेली होती. पुढे तो भूमिगत झाला. २० फेब्रुवारी १९३३ ला तोक्योत पोलिसांनी त्याला पकडलं आणि त्याच दिवशी कोठडीतल्या छळाने तो मेला. वय २९. सरकारी कारण देण्यात आलं हृदयविकाराचं.

ही कहाणी इथेच संपली असती, पण २००८ साली, लिहिल्यावर जवळजवळ ८० वर्षांनी, हे पुस्तक जपानात अचानक लाखोंनी खपलं. घेणारे बरेचसे तरुण होते. कंत्राटावर, एजन्सीमार्फत, आज इथे उद्या तिथे काम करणारे. खेकड्यांच्या बोटी कधीच इतिहासजमा झाल्या होत्या. पण त्यांना त्या बोटीवरचं जिणं ओळखीचं वाटलं.

मलाही ओळखीचं वाटलं, पण दुसऱ्या बाजूने.

आमच्या बोटीवर तांडेल गावातला, खलाशी मात्र बरेचसे नेपाळी. रत्नागिरीच्या कितीतरी बोटींवर आज हेच आहे. स्थानिक पोरं खलाशी व्हायला तयार नाहीत, माझ्यासारखी शिकून पुण्याला जातात. हंगामाआधी खलाशांना आगाऊ रक्कम द्यायची आणि हंगामभर ती पगारातून वळती करायची. लहानपणापासून घरात ऐकलेली तक्रार म्हणजे, ‘‘आगाऊ घेऊन पळाला.’’ बाबांचं खोटं नसायचं. डिझेल, बर्फ, बँकेचा हप्ता, आणि वर माणूस पळाला तर बोट बंदरातच. ते आसाकावा नव्हते. आजारी खलाशाला स्वतः डॉक्टरकडे घेऊन जायचे, दिवाळीला कपडे द्यायचे. पण त्या पहाटे फोनच्या स्क्रीनवर दलाल, आगाऊ रक्कम आणि देणं वाचताना मला आमच्या ओट्यावरचा हिशेब ऐकू येत होता.

आणि एक माणूस आठवला. मी बारावीत असताना जाळं ओढायच्या विंचमध्ये त्याची दोन बोटं गेली होती. बाबांनी दवाखान्याचा खर्च केला, उरलेलं आगाऊ सोडून दिलं, गाडीत बसवून दिलं. जाताना तो आईच्या पाया पडला. मी त्याला बहादूर म्हणायचो. त्याच्या आधीच्यालाही बहादूरच, नंतरच्यालाही. आमच्याकडे सगळे नेपाळी बहादूरच असतात.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना फोन केला. आधी खेकड्याबद्दल सांगितलं. दोघांचं बिल २४ हजार येन, म्हणजे १३-१४ हजार रुपये, ऐकून ते हसले. ‘‘एवढ्यात एका खलाशाचा महिना निघतो रे.’’ त्यांनी ते सहज म्हटलं. मग मी विचारलं, ‘‘बाबा, विंचमध्ये बोटं गेली त्याचं नाव काय होतं?’’

‘‘बहादूर.’’

‘‘खरं नाव?’’

ते थोडा वेळ गप्प राहिले. ‘‘वहीत असेल. बघून सांगतो.’’

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर त्यांनी जुन्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यांचं सुंदर, टपोरं अक्षर. तारीख, आगाऊ ८०००, दवाखाना, वजा, बाकी शून्य. रुपयान्‌रुपयाचा हिशेब चोख होता. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं: बहादूर (दुसरा).

फोटोखाली बाबांचा मेसेज होता, ‘‘तांडेलाला विचारतो. त्याला माहीत असेल.’’

अजून कळलेलं नाही. मी दर रविवारी विचारतो.