‘तो’मध्ये ‘ती’ येते काय?

नामाच्या जागी येणारा शब्द तो सर्वनाम, एवढी व्याख्या पाठ करून आपण लहानपणी जी सुटका करून घेतो ती जन्मभर पुरते. सर्वनामाकडे पुन्हा वळून पाहण्याचे कारण सहसा कोणाला पडत नाही. परंतु ह्या क्षुद्र वाटणाऱ्या शब्दाने एके काळी ह्या देशातील विदुषींना वकिलीच्या दारात अडवून धरले होते, आणि त्या विदुषींत अग्रणी असलेली स्त्री आपल्या नाशकात जन्मलेली होती, हे सांगितले असता वाचकांस नवल वाटेल. ती हकीकत नीट कळावयाची, तर आरंभ इंग्रजी भाषेच्या तृतीयपुरुषी अनेकवचनापासूनच केला पाहिजे.

इंग्रजीत आज ‘ते’, ‘त्या’ आणि ‘ती’ ह्या तिन्हींसाठी ‘दे’ हे एकच सर्वनाम आहे. मौज अशी की हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. जुन्या इंग्रजीतील अनेकवचनाची रूपे हकाराने सुरू होत, आणि उच्चार झिजत गेल्यावर ‘तो’ कोणता व ‘ते’ कोणते, हे अनेक ठिकाणी कानाला कळेनासे झाले. इंग्लंडच्या उत्तर भागात स्कँडिनेव्हियातून आलेले लोक वसले होते. त्यांच्या बोलीतील थकारी सर्वनाम शेजाऱ्यांनी उचलले, आणि ते हळूहळू दक्षिणेकडे पसरले. सन १४०० मध्ये वारलेला कवी चॉसर कर्त्याच्या जागी हे नवे रूप योजतो, पण कर्म व संबंध दाखविताना जुनी हकारी रूपेच वापरतो. नामे तर भाषा नेहमीच उसनी घेतात. सर्वनाम उसने घेणे ही मात्र विरळा गोष्ट होय.

चौदाव्या शतकातच ह्या अनेकवचनाला दुसरे एक काम मिळाले. ‘कोणीही’, ‘प्रत्येक जण’ अशा, पुरुष की स्त्री हे न सांगणाऱ्या शब्दांमागून लोक बेलाशक ‘दे’ म्हणू लागले. शेक्सपिअरने तसे लिहिले, जेन ऑस्टिनने तसे लिहिले, आणि कोणाचा काही घोटाळा झाला नाही. अठराव्या शतकातील व्याकरणकारांना मात्र हे रुचेना. ‘कोणीही’ हा एकवचनी, तेव्हा त्याचे सर्वनामही एकवचनी हवे, असे त्यांचे म्हणणे. मग स्त्रियांचे काय? तर ‘तो’मध्ये ‘ती’चा समावेश होतो, असे त्यांनी ठरविले. हा नियम छापून प्रथम मांडणाऱ्यांत ॲन फिशर नावाची एक शिक्षिकाच होती. तिचे व्याकरण १७४५ सालचे. वास्तविक ‘यू’ हेही मूळचे अनेकवचनच. ते आदरापोटी एकाला लावता लावता इंग्रजांचा ‘तू’ नाहीसा झाला, तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती.

व्याकरणातला नियम १८५० साली कायद्यात शिरला. कायद्यांची भाषा आटोपशीर व्हावी म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने ठरविले की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा अंतर्भाव होतो. हेतू शब्द वाचविण्याचा होता. इकडे १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या आठव्या कलमाने तेच सांगितले, आणि १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टने ‘विषयाशी वा संदर्भाशी विसंगत नसेल तर’ एवढी पुस्ती जोडून तो नियम सर्व केंद्रीय कायद्यांस लावला. सारे अनर्थ त्या पुस्तीत दडले होते.

कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या पदवी परीक्षेत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्या क्रमांकाच्या पुरुषाला विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती. स्त्री म्हणून ती त्यांना नाकारली गेली. तरी इतरांच्या साहाय्याने त्या ऑक्सफर्डला गेल्या, आणि १८९२ साली तेथील कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. प्रत्यक्ष पदवी हाती पडण्यास मात्र आणखी तीस वर्षे लागली. परत आल्यावर १८९७ मध्ये मुंबईची एल्‌एल्. बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा त्यांनी दिली. परीक्षा झाल्या, सनद मिळेना. १९०४ पासून बंगालमध्ये पडद्यातील स्त्रियांच्या मालमत्तेची कामे त्यांनी सरकारी सल्लागार म्हणून पाहिली.

१९१६ साली कलकत्त्याच्या रेजिना गुहा ह्यांनी वकिलीसाठी अर्ज केला. अट पाहावी तर कायद्याची पदवी. ती त्यांच्याजवळ होती. १८७९ च्या वकिलांच्या कायद्यात वकिलाला ‘तो’ म्हटले होते, आणि ‘तो’मध्ये ‘ती’ येते हे तर कायदाच सांगत होता. परंतु पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो अर्ज फेटाळला. हा कायदा करणाऱ्यांच्या मनात स्त्रिया नव्हत्याच, सबब येथे संदर्भ विसंगत आहे, असा त्या निर्णयाचा आशय. ह्याला विलायतेतील पूर्वाधारही होता. मँचेस्टरच्या स्त्रियांनी मताधिकार मागितला असता १८६८ मध्ये तेथील न्यायालयाने असाच कौल दिला होता. पुढे १९२१ साली पाटण्यास सुधांशुबाला हाजरा ह्यांचीही तीच गत झाली. त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टाने मात्र सोराबजींची नोंद करून घेतली, आणि अखेर १९२३ च्या कायद्याने स्त्रीत्व ही वकिलीस आडकाठी नाही असे स्पष्ट झाले. तेव्हा कॉर्नेलियाबाई सत्तावन्नाव्या वर्षाला आलेल्या होत्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दंडविधानात चोरी करणारा ‘तो’ होता, आणि त्यात ‘ती’ येते की नाही अशी शंका कोणत्याही न्यायाधीशास आली नाही. तुरुंगाचे दार उघडताना ‘तो’मध्ये ‘ती’ येत होती. न्यायालयाचे दार उघडताना येत नव्हती. तेव्हा दोष केवळ सर्वनामाचा होता असे नव्हे. परंतु ज्यांना दार लावावयाचे होते, त्यांना कडी सर्वनामाने पुरविली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ‘तो’ कायम आहे. त्यात पुरुष, स्त्री व तृतीयपंथी हे तिघेही येतात, एवढे मात्र आता शब्दांत सांगितले आहे. उलट इंग्रजी लेखनात जुना एकवचनी ‘दे’ पुन्हा प्रतिष्ठा पावला असून, २०१९ साली मेरियम-वेब्स्टर कोशाने वर्षाचा शब्द म्हणून त्याचीच निवड केली.

आता आपल्या मराठीकडे पाहू. संस्कृतात ‘पितरौ’ म्हटले की माता पित्याच्या पोटात शिरते. व्याकरण त्यास एकशेष म्हणते. मराठीने हा वारसा सर्वस्वी घेतला नाही. ‘मुलगा आणि मुलगी खेळत होती’, ‘ती दोघे निघून गेली’, असे आपण म्हणतो. पुरुष व स्त्री एकत्र आली की मराठी दोघांनाही बाजूस सारून नपुंसकलिंगी अनेकवचन पुढे करते. ‘आईवडील आले’ अशा प्रयोगांत पुल्लिंगाचा वरचष्मा राहतो, हे खरे. पण सामान्य नियम समतेचा आहे. आणि विभक्तीचा प्रत्यय लागताच ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ह्या रूपांत लिंगभेद अजिबात उरत नाही.

ह्यावरून मराठी भाषिकांनी फार हुरळून जाऊ नये. आपल्याकडे अनेकवचन हे आदराचेही चिन्ह आहे, आणि आदर कोणाला वाटावयाचा हे व्याकरण ठरवीत नाही, समाज ठरवितो. वयाने वडील असलेल्या चाकरालाही पिढ्यान्‌पिढ्या ‘तो’ म्हटले गेले, आणि मालकाच्या अल्पवयी मुलाला ‘ते’. आपल्या घरांत आजही बहुधा ‘बाबा आले’ आणि ‘आई आली’. कोणी म्हणेल, आईचे एकवचन जिव्हाळ्याचे आहे. विठोबालाही आपण एकवचनानेच हाक मारतो. ते मान्य केले पाहिजे, आणि तो जिव्हाळा कोणी टाकावा असे माझे म्हणणे नाही. परंतु हाच जिव्हाळा बाबांच्या वाट्याला इतका क्वचित का यावा, ह्याचा विचार प्रत्येक घराने एकदा करून पाहावा. न्यायाधीशांनी १९१६ साली जे केले ते समजून उमजून केले. आपण जे करतो ते सवयीने करतो, आणि सवयीवर अपील करावयास कोणतेही वरिष्ठ न्यायालय नाही.