निकाली : खासबागेचा हौदा आणि घड्याळाचा काटा

कोल्हापूर-सांगलीकडच्या वृत्तपत्रांत जत्रेच्या मैदानाची बातमी वाचताना एक शब्द हटकून भेटतो : ‘निकाली’. अमुक मल्लाने तमुक मल्लावर निकाली मात केली, मैदानात इतक्या कुस्त्या निकाली झाल्या, असे तो येतो. शहरी वाचकाला हा शब्द अनावश्यक वाटण्याची शक्यता आहे. प्रत्येक सामन्याचा निकाल लागतोच; मग निकाली आणि बिननिकाली असा भेद कशाला? पण कुस्तीच्या भाषेत हा भेद मूलभूत आहे. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली, तो चीतपट झाला, त्याने आसमान पाहिले, तरच कुस्ती निकाली. बाकी सारे ‘सोडवलेले’. बरोबरीत सोडवली, गुणांवर सोडवली. गुंता सोडवावा तशी ती कुस्ती पंचांनी सोडवलेली असते; ती आपली आपण संपलेली नसते.

प्रस्तुत लेखात आम्हांला या एका शब्दाचा इतिहास पाहायचा आहे. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत कुस्तीचे नियम वारंवार बदलले आणि जवळजवळ प्रत्येक बदलामागे एकच चिंता होती : खेळ रेंगाळतो, त्याला वेग कसा द्यायचा? तो वेग देताना ‘शेवट’ या कल्पनेचे काय झाले, हा आमचा प्रश्न आहे. साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये. कथेचा शेवट घटनेतून यावा की पृष्ठमर्यादेतून, हा वाद आपल्याही परिचयाचा आहे.

आरंभ खासबागेपासून करणे योग्य ठरेल. १९०२ च्या युरोप प्रवासात राजर्षी शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि तसे एक मैदान आपल्या नगरीत असावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९०७ च्या सुमारास सुरू झालेले काम १९१२ मध्ये पूर्ण झाले. मैदानाची रचना मुद्दाम ध्यानात घ्यावी. मधोमध उंचावलेला तांबड्या मातीचा हौदा आणि त्याच्याभोवती वर चढत जाणारी वर्तुळाकार बैठक. मध्ये खांब नाही, आडोसा नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पाठ टेकली की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे, असा हा आराखडा आहे. निकाली कुस्तीला जो साक्षीदार लागतो तो या वास्तूने हजारोंच्या संख्येने पुरवला. पंचाचा हात वर जाण्याआधीच मैदान उठलेले असते, कारण निर्णय सर्वांनी एकदमच वाचलेला असतो.

या मैदानाचे उद्‌घाटन झाले ते इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांच्या कुस्तीने. तीत इमामबक्ष विजयी झाला. हा इमामबक्ष म्हणजे गामाचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी, १९१० मध्ये, हे दोघे बंधू लंडनला गेले होते. तिथे १० सप्टेंबर रोजी गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांच्यात जी कुस्ती झाली ती आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. आरंभीच खाली गेलेला झ्बिस्को पुढे बहुतेक वेळ पोटावर, गादीला चिकटून राहिला. गामाला त्याला उलटवता येईना, झ्बिस्कोला उठायचे नव्हते. अडीच तासांहून अधिक वेळ हे चालले आणि अखेर कुस्ती अनिर्णित ठरली. पुढच्या आठवड्यातल्या दुसऱ्या लढतीला झ्बिस्को आलाच नाही. अठरा वर्षांनी, १९२८ मध्ये, पतियाळात दोघे पुन्हा समोरासमोर आले तेव्हा एक मिनिटही पुरे होण्याआधी गामाने त्याला चीत केले. तेच दोन मल्ल, तोच उद्देश. एकदा अडीच तासांत काही घडले नाही आणि एकदा मिनिटभरात सारे घडून गेले. मुदत नसलेल्या कुस्तीचे हे दोन टोकांचे स्वभाव आहेत.

ज्या १९१२ साली खासबाग खुली झाली, त्याच साली स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकमध्ये मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा आल्फ्रेड आसिकाइनेन यांची ग्रीको-रोमन कुस्ती उघड्यावर, उन्हात, ११ तास ४० मिनिटे चालली. अर्ध्या-अर्ध्या तासाने थोडी विश्रांती आणि पुन्हा झुंज. क्लाइन जिंकला, पण इतका थकला होता की अंतिम कुस्ती तो खेळूच शकला नाही. त्याच स्पर्धेतली दुसऱ्या वजनगटातली अंतिम लढत नऊ तासांनंतर बरोबरीत सोडवावी लागली आणि दोघांनाही रौप्यपदक देण्यात आले. सुवर्ण कुणालाच नाही. युरोपने यातून जो धडा घेतला तो घड्याळाचा. कुस्तीला मुदत आली, मुदतीबरोबर गुण आले, कारण ठरलेल्या वेळात पाठ टेकली नाही तर निर्णय कशावर तरी करावाच लागणार.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. माती म्हणजे अस्सल आणि गादी म्हणजे परकी, मुदत नसलेली कुस्ती शुद्ध आणि मुदतीची कुस्ती भेसळ, अशी मांडणी आपल्याकडे फार लवकर केली जाते. ती सोयीची आहे, खरी नाही. मुदत नसण्याचा फायदा जसा चिकाटीच्या मल्लाला मिळे तसा तो कुस्ती करायचीच नसलेल्या मल्लालाही मिळे. एकाने सवारी भरून बसावे, दुसऱ्याने हातपाय आवळून मातीत पडून राहावे, आणि सूर्य मावळला की पंचांनी दोघांचे हात वर करावेत. आधीच संगनमत करून लढल्याचे केवळ नाटक करणाऱ्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. हा शब्द पुढे राजकारणाच्या वार्तांकनात इतका रुळला, यावरून तो अनुभव किती सार्वत्रिक होता याची कल्पना यावी. मातीच्या मैदानांनीही मग मुदतीचा आधार घेतला. आज गावोगावच्या जत्रेत ठरावीक वेळ झाली की कुस्ती गुणांवर लावली जाते. घड्याळ हेलसिंकीहून कोल्हापुरात आले असे म्हणण्यापेक्षा, कोल्हापूरच्या प्रेक्षकालाही ते हवेच होते असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

मात्र माती आणि गादी यांचा वेग मुळातच वेगळा आहे, हेही नाकारता येत नाही. ताक, तेल, हळद घालून मळलेल्या मातीत पाय रुततो, अंगाला माती लागली की पकड बसते, मल्ल एकमेकांचा दम जोखत राहतात. ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड हे डाव आधी दीर्घकाळ मनात शिजतात. गादीवर पाय मोकळा असतो. झेप घेऊन पट काढणे, क्षणात मागे जाऊन कब्जा घेणे याला तिथे मोल आहे. मातीतल्या मल्लाचे पहिले काही मिनिटांचे मौन हा त्याच्या डावाचाच भाग असतो. गादीवर तेच मौन दोष ठरते.

या दोन वेगांच्या मधल्या फटीत एक माणूस उभा राहिला, तो म्हणजे खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले. आंतरराष्ट्रीय नियमांची गादीवरची कुस्ती त्यांना नवी होती. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. १९५२ च्या जुलैमध्ये खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

या पदकाची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण तिच्यातला नियमाचा भाग सहसा गाळतो. जपानच्या शोहाची इशीईशी झालेल्या दीर्घ लढतीत खाशाबा गुणांवर हरले. इशीई पुढे सुवर्णपदकाचा मानकरी झाला. त्या कुस्तीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामादबेयोव्हसमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो बजावून मागायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. आम्हांला यात नियमांचे एक लक्षण दिसते. वेळेचा नियम केवळ कुस्ती किती चालावी एवढेच सांगत नाही. मल्लाला श्वास घ्यायला किती वेळ मिळावा हेही तोच सांगतो. नियमाचा पहिला अर्धा भाग घड्याळ आपोआप अमलात आणते. दुसरा अर्धा भाग अमलात येण्यासाठी मात्र तो वाचणारा आणि त्यासाठी भांडणारा कुणीतरी लागतो.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय कुस्तीची मुदत आखडतच गेली. तीन-तीन मिनिटांचे तीन भाग आले, पुढे एकूण सहा मिनिटे झाली, कधी पाच. २००५ मध्ये तर कुस्तीचे दोन-दोन मिनिटांचे सुटे तुकडे करण्यात आले आणि तीनपैकी दोन जिंकेल तो विजयी असे ठरले. तुकडा शून्य-शून्य राहिला तर पिशवीतून रंगीत चेंडू काढायचा; ज्याचा रंग निघेल त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून सुरुवात करण्याची मुभा. बहुधा तोच गुण मिळवी. वेगाच्या हव्यासापायी खेळ सोडतीपर्यंत पोहोचला होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला मूळ खेळांच्या यादीतून वगळण्याची शिफारस केली, तेव्हा सारे खडबडून जागे झाले. त्याच वर्षी नियम बदलले : तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, गुणांची सलग बेरीज, आणि निष्क्रिय मल्लाला इशारा देऊन तीस सेकंदांत गुण मिळवण्याची सक्ती, नाही मिळवला तर गुण प्रतिस्पर्ध्याला. सप्टेंबरमध्ये कुस्तीचे ऑलिम्पिकमधले स्थान पुन्हा निश्चित झाले.

ही कहाणी कुस्तीपुरती मर्यादित नाही. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये १९०७ साली टॉम रीस या खेळाडूने दोन चेंडू खळग्याच्या तोंडाशी अडकवून जवळजवळ पाच आठवडे एकच डाव चालवला आणि ४,९९,१३५ गुण केले. तो फटका पुढे निषिद्ध ठरला. अमेरिकेतल्या नऊ चेंडूंच्या पूलमध्ये पूर्वी अवघड वेळी चेंडू नुसता सरकवून पेच दुसऱ्यावर ढकलता येई. व्यावसायिक स्पर्धांनी ही सवलत केवळ आरंभीच्या फोडीनंतरच्या एका फटक्यापुरती ठेवली आणि कोणत्याही चुकीची शिक्षा म्हणून पांढरा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला. दूरचित्रवाणीवरच्या सामन्यांत तर प्रत्येक फटक्याला सेकंद मोजले जाऊ लागले. सर्वत्र युक्तिवाद तोच : थांबणे म्हणजे टाळणे. विचार करणारा आणि वेळ काढणारा यांच्यात बाहेरून फरक दिसत नाही, म्हणून नियम दोघांनाही एकच शिक्षा देतो.

आज महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते अखेरीस एकमेकांशी भिडतात. तडजोड वरवर सुरेख आहे. पण अलीकडचे वाद पाहावेत. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या अंतिम लढतीत, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेल्या मल्लाविरुद्ध एका टांगेला चार गुण द्यावेत की कमी, यावर महाराष्ट्रभर चर्चा झडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पाठ खरोखर टेकली होती की नाही यावरून वाद इतका पेटला की हरलेल्या मल्लाने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर निलंबनाची कारवाई झाली. त्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. तरी एक गोष्ट लक्षात येते : पहिला वाद बेरजेचा होता आणि दुसरा थेट ‘निकाली’ या शब्दाचा. चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहूनही प्रेक्षकांचे एकमत होईना. खासबागेच्या बांधणीने ज्या साक्षीची हमी दिली होती, ती कॅमेऱ्याला देता आली नाही.

दुसरी बाजूही तितकीच ठामपणे मांडली पाहिजे. तालमीच्या लाल मातीने स्त्रीला पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवले. तिच्यासाठी दार उघडले ते मुख्यतः गादीच्या कुस्तीने. २००४ मध्ये महिला कुस्ती ऑलिम्पिकमध्ये आली आणि मार्च २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी ठरली. वजनगट, मुदत, गुण यांचा जो लेखी नियम परंपरेला रुक्ष वाटतो, त्यानेच परंपरेबाहेरच्यांना हक्काची जागा दिली. अलिखित संकेत वस्तादाच्या मर्जीवर चालतो. लिखित नियम निदान वाचून दाखवता येतो. हेलसिंकीत खाशाबांच्या वतीने तो वाचायला कुणी नव्हते, ही त्या नियमाची उणीव नव्हती.

तेव्हा ‘निकाली’ या शब्दाचे आज काय करायचे? गादीवरही चीतपट होताच कुस्ती संपते, हे विसरू नये. पण गुणांची आघाडी राखून सहा मिनिटे काढता येत असताना तो धोका पत्करण्याची निकड उरत नाही. शब्द शिल्लक आहे, त्याची गरज कमी झाली आहे. आम्ही खासबागेच्या पायऱ्यांवर बसून पाहिलेल्या एका मैदानात मुदत संपत आली तेव्हा शेजारच्या वृद्ध शौकिनाने घड्याळाकडे पाहिलेसुद्धा नाही. पंचांनी गुणांवर विजयी घोषित केलेल्या मल्लासाठी त्याने टाळ्या वाजवल्या, हलगी थांबेपर्यंत तो बसून राहिला, आणि उठताना एवढेच म्हणाला, “जिंकला खरा, पर कुस्ती व्हायची ऱ्हायली.”