संगणकाचा पार्ट-टाइम कोर्स लावताय? फी भरण्याआधी एवढं तपासा

शेतीची कामं, दुकान किंवा कॉलेज सांभाळून संगणक शिकायचा तर राज्यात प्रामुख्याने दोन कोर्स आहेत : एमएस-सीआयटी आणि सीसीसी. दोन्हींना शिक्षणाची ठरावीक अट नाही. सरकारी नोकरभरतीत 'संगणक अर्हता' मागतात, तिथेही बहुतेक वेळा हीच नावं असतात.

एमएस-सीआयटी : एमकेसीएलचा हा कोर्स २००१ पासून सुरू आहे. अधिकृत केंद्रांवर मराठीतूनही शिकता येतो. बॅचच्या तासांप्रमाणे साधारण दोन-तीन महिने लागतात.

सीसीसी : केंद्र सरकारच्या 'नायलिट' संस्थेचा ८० तासांचा कोर्स. त्यातले ५० तास प्रात्यक्षिकाचे. परीक्षेत १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. पास व्हायला ५० टक्के गुण लागतात.

पाया काय शिकायचा?

बटणं पाठ करण्याआधी यंत्र चालतं कसं ते समजून घ्या. हिशेब करतो तो प्रोसेसर. चालू काम पसरून ठेवायची जागा म्हणजे रॅम, जसं स्वयंपाकाचा ओटा. माल कायमचा ठेवायची कोठी म्हणजे हार्ड डिस्क. या सगळ्यांकडून काम करून घेणारी ऑपरेटिंग सिस्टीम, उदाहरणार्थ विंडोज. मोबाईलमध्ये तेच काम अँड्रॉइड करतं.

हे कळलं की लोडशेडिंगचा घोळही कळतो. वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं, हार्ड डिस्कवरचं राहतं. म्हणून अर्ज टाइप करताना दर दोन-चार ओळींनंतर कंट्रोल आणि एस ही बटणं एकत्र दाबून फाईल सेव्ह करायची.

टायपिंग वेगळं, हे विसरू नका

अनेकांची फसगत इथेच होते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचं टंकलेखन प्रमाणपत्र लागतं. एमएस-सीआयटी किंवा सीसीसी करून ते मिळत नाही. संगणक टायपिंगची ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. कोणत्या पदाला काय लागतं आणि ते किती मुदतीत द्यायचं, हे भरतीच्या जाहिरातीत वाचूनच कोर्स ठरवा.

केंद्रात काय विचाराल?

– प्रमाणपत्र कोणाच्या नावाचं मिळणार? 'सरकारमान्य' अशी पाटी पुरेशी नाही. केंद्राचं नाव एमकेसीएल किंवा नायलिटच्या अधिकृत संकेतस्थळावर शोधा.
– एका संगणकावर किती जण बसतात?
– वीज गेल्यावर इन्व्हर्टर आहे का? बुडालेला तास भरून देतात का?
– परीक्षा फी धरून एकूण किती पैसे? पावती मिळणार का?

नुसते प्रश्नसंच घोकून पास होता येईल, पण हात बसणार नाही. कोर्स संपला की स्वतःची परीक्षा घ्या : यंदाच्या पिकाचा खर्च आणि विक्री स्प्रेडशीटमध्ये मांडा, बेरीज सूत्राने काढा, फाईल पीडीएफ करा आणि स्वतःलाच ई-मेल करा. कुणाला न विचारता एवढं जमलं, तर फी वसूल झाली.