मॅक्सीनबाईंची उलटी वाट

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत आम्ही या कार्यक्रमासाठी ध्वनिमुद्रण करत होतो. आमच्यातल्या एक ताई शेळीपालनावर बोलणार होत्या. अनुभव वीस वर्षांचा. पण चार वाक्यं झाली न झाली तोच थांबल्या. म्हणाल्या, "माहं बोलणं रेडिओवर शोभत नाही. तुम्हीच बोला, तुमची भाषा शुद्ध आहे." त्यावर दुसरीनं नातवाची गोष्ट सांगितली. पोरगा दुसरीत. वर्गात "मले पाणी पाह्यजे" म्हणाला, तर सगळा वर्ग हसला, शिकवणारेही हसले. तेव्हापासून पोरगा शाळेत तोंड उघडत नाही.

आम्ही गप्प बसलो. कारण गटाचं इतिवृत्त लिहिताना 'वावर' खोडून 'शेत' करणाऱ्या आम्हीच. म्हणून आज एका बाईंचा इतिहास सांगतो.

त्यांचं नाव मॅक्सीन बर्नसन. जन्म 1935 चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. 1961 साली त्या भारतात आल्या आणि हैदराबादच्या विवेकवर्धिनी या संस्थेत शिकवू लागल्या. ही संस्था तिथल्या मराठी माणसांनी 1907 साली उभी केलेली. अमेरिकेतून आलेल्या बाईंना मराठीची गोडी लागली.

मग त्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणला गेल्या. तिथं लोक कसं बोलतात, याचाच त्यांनी अभ्यास मांडला. एकाच गावात वेगवेगळ्या समाजांची, शिकलेल्यांची आणि न शिकलेल्यांची बोली कुठं वेगळी पडते, हे त्यांनी टिपलं. फलटणच्या बोलीवरच्या या प्रबंधाला 1973 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढं 1975 साली जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी इंग्रजीतून मराठीचं व्याकरण लिहिलं. परदेशी विद्यार्थ्यांना त्या मराठी शिकवत.

त्याच काळात अमेरिकेत विल्यम लबोव्ह हे अभ्यासक एक गोष्ट ठासून सांगत होते. न्यूयॉर्कच्या गरीब काळ्या वस्तीतल्या मुलांची इंग्रजी शाळेला चुकीची वाटते, पण तिला स्वतःचे पक्के नियम आहेत. आता आपली वऱ्हाडी घ्या. मले, तुले, त्याले, मायले. कुठं नियम मोडला? प्रमाण मराठी 'ला' लावते, आपण 'ले' लावतो. चूक तर नाहीच, चाल वेगळी आहे एवढंच.

इतकं शिकलेली बाई अमेरिकेत सुखानं प्राध्यापक झाली असती. सगळ्यांची वाट शाळेतून विद्यापीठाकडं चढत जाते. मॅक्सीनबाई विद्यापीठातून खाली शाळेकडं आल्या. 1978 साली त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि फलटणच्या दलित वस्तीतल्या मुलांसाठी वर्ग सुरू केले. मुलं शाळेत जात होती, पण त्यांना वाचता येत नव्हतं. त्या कामातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि 1986 साली मराठी माध्यमाची शाळा निघाली, कमला निंबकर बालभवन. शाळेला नाव दिलं तेही परदेशातून आलेल्या बाईचं. कमलाबाई मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी. लग्न करून 1930 साली भारतात आल्या आणि 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. आजारानं किंवा अपघातानं अधू झालेल्या माणसाला पुन्हा हातानं काम करायला शिकवणं, ही ती विद्या.

फलटणला वाचन शिकवायची पद्धतही निराळी होती. क ते ज्ञ घोकून मग बाराखडी, असं नाही. थोडी अक्षरं, एखादी मात्रा, की लगेच अर्थाचे शब्द. समजा क, म, ल, र आणि काना एवढंच शिकवलं. तेवढ्यात काम, माल, काल, काका, मामा वाचता येतात. "मामा काम कर" असं अख्खं वाक्य वाचता येतं. पहिल्याच काही दिवसांत मुलाला कळतं, की हे कागदावरचं म्हणजे आपलंच बोलणं आहे. पण त्यासाठी घरचं बोलणं वर्गात मोकळेपणी येऊ द्यावं लागतं. तोंड मिटलेल्या मुलाला अक्षर कुठून कळणार?

पुढं उतारवयात मॅक्सीनबाई पुन्हा हैदराबादला गेल्या, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत. विद्यापीठाच्या पातळीवर त्या पोचल्या, तेव्हा सोबत पदवीपेक्षा मोठी शिदोरी होती: वाचायला न येणाऱ्या मुलांबरोबर काढलेली वर्षं.

मैत्रिणींनो, दुसऱ्या मुलखात जाऊन तिथली बोली उचलणं आपल्याला नवं नाही. आपल्या बुलढाण्याला एकीकडं जालना, दुसरीकडं जळगाव, तिसरीकडं अकोला. आपल्या गटात तिन्हीकडून आलेल्या सुना आहेत. सासरी आल्यावर प्रत्येकीच्या शब्दांना कुणी ना कुणी हसलंच असेल. तरी आपण नवे शब्द शिकलो आणि माहेरचेही विसरलो नाही. मुलांनाही तेच करू द्या. प्रमाण भाषा त्यांना यायलाच हवी, अर्ज लिहायचाय, परीक्षा द्यायचीय. पण ती घरच्या बोलीच्या जोडीला यावी, तिला मारून नाही.

दोन कामं ठरवली आहेत. रोज पंधरा मिनिटं लेकराला गोष्ट सांगायला लावायची, आपल्या बोलीत, आणि त्यातलं एक वाक्य तिथंच पाटीवर लिहायचं. शिकवणाऱ्यांना भेटायचं, भांडायला नाही, "आमच्या घरी असं बोलतात" हे सांगायला.

आणि या महिन्यापासून इतिवृत्तात 'वावर' हा शब्द 'वावर' असाच राहील. शेळीपालनावर बोलणाऱ्या ताई पुढच्या भागात येत आहेत. आम्ही फक्त माईक धरू.