ऊवे झेलर : धंदेवाईक फुटबॉल आणि निष्ठेचा प्रश्न

क्रीडेचा इतिहास हा समाजाच्या इतिहासाचाच एक भाग होय, हे आता निराळे सिद्ध करण्याचे कारण उरलेले नाही. तथापि खेळाडूंची चरित्रे लिहिताना अभ्यासकही पुष्कळदा गौरवाच्या वाटेने जातात, आणि ज्या आर्थिक व संस्थात्मक चौकटीत तो खेळाडू वाढला तिचा विचार मागे पडतो. पश्चिम जर्मनीचे सुविख्यात आघाडीचे खेळाडू ऊवे झेलर (१९३६–२०२२) यांच्याविषयी असेच घडले आहे. १९६१ मध्ये इटलीतील मिलान शहराच्या इंटर संघाने देऊ केलेली प्रचंड रक्कम नाकारून ते आपल्या हँबुर्ग शहरातच राहिले. ह्या एका घटनेवर त्यांची लोकमानसातील प्रतिमा मुख्यतः उभी आहे. द्रव्यापेक्षा निष्ठा श्रेष्ठ मानणारा खेळाडू, हा तिचा सारांश. प्रस्तुत लेखात ही प्रतिमा खोटी ठरविण्याचा हेतू नाही. तो नकार कोणत्या व्यवस्थेत शक्य झाला, आणि त्याच व्यवस्थेत इतरांच्या वाट्याला काय आले, ह्याचा शोध घ्यावयाचा आहे.

१

निष्ठा आणि चरितार्थ ह्यांतील ताण झेलर घराण्याला नवा नव्हता. ऊवे यांचे वडील एर्विन झेलर हे हँबुर्गच्या बंदरात अंगमेहनतीचे काम करीत आणि फुटबॉलही उत्तम खेळत. वायमार प्रजासत्ताकाच्या काळात जर्मन कामगारांच्या क्रीडासंस्था मध्यमवर्गीय संघांपासून अलग होत्या. त्यांच्या स्पर्धा वेगळ्या, त्यांचा निवडक राष्ट्रीय संघही वेगळा. एर्विन हे रोटेनबुर्गसोर्ट ह्या कामगारवस्तीतील लोर्बेर संघाचे खेळाडू. १९३१ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या कामगार ऑलिंपिकमध्येही ते खेळले. पुढच्याच वर्षी त्यांनी व्हिक्टोरिया ह्या मध्यमवर्गीय संघात प्रवेश केला, तेव्हा समाजवादी वृत्तपत्राने त्यांच्यावर कठोर टीका केली. वर्गबंधूंना सोडून गेलेला श्रमिक, असा त्या टीकेचा रोख होता. १९३३ मध्ये नात्सी राजवटीने कामगारांच्या क्रीडासंस्थाच मोडून काढल्या आणि त्या वादाचे प्रयोजन नाहीसे झाले. एर्विन यांनी पुढे हँबुर्गर एस. व्ही. हा शहरातील अग्रगण्य संघ जवळ केला. ज्या संघाशी असलेली निष्ठा पुत्राच्या नावाशी कायमची जोडली गेली, त्या संघात पिता दुसरीकडून आलेला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

२

ऊवे झेलर यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३६ रोजी हँबुर्ग येथे झाला. युद्धानंतर, १९४६ मध्ये, ते हँबुर्गर एस. व्ही.च्या बालसंघात दाखल झाले. थोरले बंधू डीटर हेही पुढे त्याच संघातून खेळले. १९५३–५४ च्या मोसमात ऊवे यांचा पहिल्या संघात प्रवेश झाला, आणि १६ ऑक्टोबर १९५४ रोजी हानोव्हर येथे फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून ते राष्ट्रीय संघात आले. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झालेले नव्हते. त्याच वर्षी ४ जुलैला पश्चिम जर्मनीने बर्न येथे हंगेरीचा ३–२ असा पराभव करून विश्वचषक जिंकला होता.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. जगज्जेत्या राष्ट्रातील हे खेळाडू धंदेवाईक होते काय? ह्याचे सरळ उत्तर देता येत नाही. जर्मन फुटबॉल मंडळाचा ओढा परंपरेने हौशी खेळाकडे होता. १९४८ नंतर ‘करारबद्ध खेळाडू’ असा एक मधला वर्ग निर्माण करण्यात आला. त्याला संघाकडून मासिक वेतन घेता येई, पण त्याची कमाल मर्यादा ३२० मार्क होती. पुढे ती ४०० मार्क झाली. खेळाडूने चरितार्थासाठी दुसरा एखादा व्यवसाय करावा, अशी अपेक्षा असे. झेलर यांनीही मालवाहतुकीच्या पेढीत कारकुनीचे शिक्षण घेतले होते. अव्वल दर्जाचा खेळदेखील एका राष्ट्रीय साखळीत होत नसे. पाच प्रादेशिक ‘ओबरलीगा’ होत्या आणि त्यांतील विजेते मोसमाच्या शेवटी राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी झुंजत.

उत्तर विभागाच्या ओबरलीगामध्ये झेलर यांनी २३७ सामन्यांत २६७ गोल केले. उंचीने ते बेताचे. पण बांधा भक्कम, उडी असाधारण, आणि पडता पडता चेंडू मारण्याची हातोटी विलक्षण. २५ जून १९६० रोजी फ्रँकफुर्ट येथे हँबुर्गने कोलोन संघाला ३–२ असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्यांतील दोन गोल झेलर यांचे होते. ‘वर्षातील सर्वोत्तम खेळाडू’ हा जर्मनीतील सन्मान त्या वर्षी प्रथमच देण्यात आला आणि तो त्यांनाच मिळाला.

३

१९६०–६१ च्या युरोपीय चषक स्पर्धेत हँबुर्गचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. बार्सेलोनाविरुद्धच्या दोन सामन्यांत दोन्ही संघांनी एकेक सामना जिंकला आणि ब्रसेल्स येथील तिसऱ्या सामन्यात हँबुर्गचा ०–१ असा पराभव झाला. त्याच वसंत ऋतूत इंटरचे मार्गदर्शक एलेनियो एरेरा हँबुर्गला आले. एका मोठ्या हॉटेलात वाटाघाटी झाल्या. देऊ केलेली रक्कम दहा लाख मार्कांच्या घरात असल्याचे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. महिन्याला ४०० मार्कांच्या मर्यादेशी तिची तुलना केली म्हणजे त्या मोहाचे परिमाण कळते. झेलर यांनी नकार दिला.

हा नकार अपरिहार्य होता असे मानणे चुकीचे ठरेल. त्याच काळात होर्स्ट झिमानियाक कातानियाला, हेल्मुट हालर बोलोन्याला आणि कार्ल-हाइन्झ श्नेलिंगर रोमला गेले. इंग्लंडमध्येही जानेवारी १९६१ मध्येच खेळाडूंच्या वेतनावरील कमाल मर्यादा रद्द झाली होती. युरोपभर फुटबॉलपटूच्या श्रमाला बाजारभाव मिळू लागला होता. अशा वेळी झेलर थांबले, ह्यामागे शहराविषयीचे प्रेम, कुटुंबाची स्थिरता आणि राष्ट्रीय मार्गदर्शक झेप हेर्बेर्गर यांचा आग्रह ही कारणे होतीच. पण आणखी एक कारण होते, व ते गौरवपर लेखनात ओझरतेच येते. क्रीडासाहित्य बनविणाऱ्या आडिडास पेढीचे संस्थापक आडी डासलर यांनी उत्तर जर्मनीतील आपल्या मालाचे प्रतिनिधित्व झेलर यांच्याकडे सोपविले. मोटारीने गावोगाव जाऊन दुकानदारांच्या मागण्या नोंदविणे, हे काम त्यांनी त्यानंतर वर्षानुवर्षे केले.

म्हणजे झेलर यांच्यापुढे धन की निष्ठा असा निव्वळ पर्याय नव्हता. उपजीविकेचे दोन मार्ग त्यांच्यापुढे होते. पहिल्यात खेळाडूचे कौशल्य संघ विकत घेतो, आणि पाय चालतात तोवरच त्याची किंमत असते. दुसऱ्यात खेळाने मिळविलेले नाव मैदानाबाहेर टिकाऊ उत्पन्न देते. झेलर यांनी दुसरा मार्ग पत्करला. त्यांच्या त्यागाचे मोल ह्यामुळे कमी होत नाही. इंटरचे द्रव्य नाकारण्यात तोटा होताच. शिवाय १९६४ व १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे इंटरने युरोपीय चषक जिंकला, आणि झेलर यांना तो कधीच लाभला नाही. परंतु हा त्याग विवेकी गृहस्थाचा होता. त्याला संन्याशाचा त्याग म्हणणे योग्य नव्हे.

४

आता व्यवस्थेच्या दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे. चांगले खेळाडू परदेशी जाऊ लागल्याने राष्ट्रीय साखळी स्पर्धेची मागणी बळावली. २८ जुलै १९६२ रोजी डोर्टमुंड येथील सभेत जर्मन फुटबॉल मंडळाने १०३ विरुद्ध २६ मतांनी बुंडेसलीगाची स्थापना मान्य केली, आणि २४ ऑगस्ट १९६३ रोजी १६ संघांसह ती सुरू झाली. पहिल्याच मोसमात झेलर यांनी ३० गोल करून अग्रस्थान मिळविले. मात्र पूर्ण धंदेवाईकपणा मंडळाने तेव्हाही मान्य केला नाही. ‘परवानाधारक खेळाडू’ असा नवा वर्ग करून त्याच्या मासिक प्राप्तीवर १,२०० मार्कांची मर्यादा घालण्यात आली. असामान्य खेळाडूंसाठी तेवढा अपवाद ठेवला होता.

ज्याच्या नावाला बाजारात किंमत होती त्याला ही मर्यादा जाचली नाही. पण सामान्य खेळाडूला कोणती पेढी प्रतिनिधित्व देणार? त्याच्यासाठी उरले ते हिशेबाबाहेरचे पैसे. १९६५ मध्ये बर्लिनच्या हेर्ता संघाला नियमबाह्य रकमा दिल्याबद्दल बुंडेसलीगामधून काढून टाकण्यात आले. १९७१ मध्ये तर सामनेच विकले गेल्याचे उघडकीस आले. खालच्या श्रेणीत जाण्याचे संकट टाळण्यासाठी संघांनी प्रतिपक्षाच्या खेळाडूंना लाच दिली होती, आणि अनेक खेळाडूंवर कारवाई झाली. ह्या प्रकरणानंतर, १९७२ मध्ये, वेतनमर्यादा रद्द झाली. ज्या व्यवस्थेचा आदर्श म्हणून झेलर यांच्याकडे बोट दाखविले जाई, ती त्यांच्या निवृत्तीच्याच वर्षी संपुष्टात आली. एका थोर अपवादाच्या आधारावर नियम टिकविता येत नाही, हा ह्यातील बोध होय.

५

झेलर यांच्या खेळाचा उत्तरार्ध सुपरिचित असल्याने त्याचा संक्षेपानेच उल्लेख करतो. फेब्रुवारी १९६५ मध्ये फ्रँकफुर्ट येथील सामन्यात त्यांच्या टाचेमागील स्नायुबंध तुटला. त्या काळी अशी इजा बहुधा खेळाचा शेवटच करी. तरीही सप्टेंबरमध्ये स्टॉकहोम येथे स्वीडनविरुद्ध विजयी गोल करून त्यांनी पश्चिम जर्मनीला १९६६ च्या विश्वचषकात नेले. ३० जुलै १९६६ रोजी वेंब्ली येथील अंतिम सामन्यात इंग्लंडकडून २–४ असा पराभव झाला, तेव्हा कर्णधार तेच होते. १९६८ मध्ये युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना हँबुर्गने गमावला तो मिलान शहराच्याच दुसऱ्या संघाविरुद्ध, ०–२ असा. आणि त्या विजयी संघात श्नेलिंगर होते. १९६१ साली दुभंगलेल्या दोन वाटा येथे समोरासमोर आल्या.

१९७० मध्ये मेक्सिकोत गेर्ड म्युलर ह्या तरुण आघाडीवीराला पुढे जागा देऊन झेलर किंचित मागून खेळले. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंड २–१ ने आघाडीवर असता त्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूने चेंडू जाळ्यात घातला आणि बरोबरी साधली. जादा वेळात म्युलरने विजयी गोल केला. चार विश्वचषकांत गोल करणारे पहिले खेळाडू म्हणून पेले व झेलर यांची नावे एकत्र घेतली जातात. राष्ट्रीय संघाकडून ७२ सामने व ४३ गोल, बुंडेसलीगात २३९ सामने व १३७ गोल, अशी त्यांची नोंद आहे. मे १९७२ मध्ये ते निवृत्त झाले.

त्यांच्या उत्तरायुष्यातील एक छोटी घटना येथे उद्बोधक ठरते. १९७८ मध्ये आडिडासच्या विनंतीवरून ते आयर्लंडमधील कॉर्क सेल्टिक संघातून एक सामना खेळले आणि त्यात दोन गोलही केले. हा प्रदर्शनीय सामना असल्याची त्यांची समजूत होती. वस्तुतः तो आयरिश साखळीतील अधिकृत सामना होता. एकाच संघाचा मानला गेलेला हा खेळाडू तांत्रिक दृष्ट्या दुसऱ्या संघाचाही ठरला, आणि तो पेढीच्या कामामुळे. १९९५ ते १९९८ ह्या काळात हँबुर्ग संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, पण संघाच्या आर्थिक व्यवहारांवरून उठलेल्या वादात ते त्यांना सोडावे लागले. केवळ निष्ठेवर संघ चालत नाही, ह्याचा प्रत्यय त्यांना त्या वेळी आलाच असेल. २००३ मध्ये हँबुर्गने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. २१ जुलै २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.

सारांश, झेलर यांची निष्ठा खरी होती आणि तिला एक आर्थिक अधिष्ठानही होते. ह्या दोन विधानांत विरोध नाही. एर्विन झेलर यांच्यावर ठपका आला, ऊवे यांच्या वाट्याला गौरव आला. दोघांनीही आपल्या कुटुंबाचे हितच पाहिले असावे. एकाच्या काळी स्थैर्य संघ बदलण्यात होते, दुसऱ्याला ते संघ न बदलता लाभले. व्यक्तीच्या सद्गुणांचे मोजमाप करण्यापूर्वी, त्या सद्गुणांचा निर्वाह कोणत्या परिस्थितीत होऊ शकला, हे इतिहासकाराने पाहिले पाहिजे.